काट्याची साक्ष

आलापल्ली सोडून भामरागडकडे निघाले की साठेक किलोमीटरचा रस्ता बराचसा जंगलातून जातो. या रस्त्यावरून चाललेली एखादी जुनी पिकअप डोळ्यांसमोर आणा. मागच्या हौद्यात पुस्तकांचे गठ्ठे आणि विज्ञान प्रदर्शनाच्या पेट्या आहेत, पुढे ड्रायव्हरशेजारी शाळेचे गुरुजी बसले आहेत. दिवस मावळायला आलेला आहे. अशा वेळी समोरच्या डायलमधला ऑइल प्रेशरचा काटा एकदम शून्यावर येतो, थोड्या वेळाने उसळी मारून वर जातो आणि पुन्हा पडतो.

"गुरुजी, काटा पडला जी."

"पण गाडी तर ठीक चालली आहे, भाऊ."

"चालून राहिली जी. पण कवापर्यंत?"

ड्रायव्हरचा हा प्रश्न साधा नाही. इंजिनातील तेलाचा दाब खरोखर गेला असेल, तर आणखी दोन-चार मिनिटे गाडी चालवली तरी बेअरिंग जळतील, क्रँक खराब होईल आणि इंजिन जाम होईल. उलट दाब ठीक असेल आणि फक्त काटाच खोटे सांगत असेल, तर जंगलात रात्र काढण्याचे काही कारण नाही. काटा एकच आहे, पण त्याच्या पडण्याचे अर्थ दोन आहेत: यंत्र बिघडले, किंवा यंत्राची खबर देणारे उपकरण बिघडले. यांपैकी काय घडले आहे हे ठरवायचे कसे?

विज्ञानात मोजमाप करणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी हाच प्रश्न येतो. त्याचे उत्तर शोधताना दाबमापकाचा इतिहास फार उपयोगी पडतो. काट्यामागे काय दडले आहे हे कळल्याशिवाय काट्याची साक्ष तपासता येत नाही.

पाऱ्याच्या नळीपासून डायलपर्यंत

दाब मोजण्याचे जुने साधन म्हणजे द्रवाचा स्तंभ. हवेचा दाब पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो, हे आपण नववी-दहावीत शिकवतो. हे साधन अतिशय विश्वासू आहे, कारण त्यात झिजणारा किंवा अडकणारा भाग नाही. मात्र त्याची एक मोठी अडचण आहे. वाफेच्या इंजिनातील दाब वाढत जाऊन हवेच्या दाबाच्या दहापट झाला, तर तो मोजायला पाऱ्याचा साडेसात मीटरहून उंच स्तंभ लागेल. कारखान्याच्या भिंतीवर तो कसाबसा मावेल, पण धावत्या रेल्वे इंजिनावर त्याचे काय करणार? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बॉयलर फुटून माणसे मरत होती आणि इंजिनावर नेता येईल असा भरवशाचा दाबमापक हाताशी नव्हता.

यावर तोड काढली ती पॅरिसमधील यंत्रकार यूजीन बूर्दाँ याने. एका वाफेच्या इंजिनासाठी नागमोडी वळवलेली नळी तयार करताना ती एका बाजूने चेपली गेली. ती पुन्हा गोल करण्यासाठी तिचे एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने दाबाखाली पाणी सोडले, तेव्हा चेपलेला भाग फुगू लागला आणि त्याबरोबर नळीचे वेटोळेही उलगडू लागले, असे सांगतात. बूर्दाँने त्या उलगडण्यातच मापक पाहिला. चपट्या छेदाची, वाकवलेली, एका टोकाला बंद केलेली धातूची नळी घ्यायची. दाब वाढला की छेद गोल होऊ पाहतो आणि नळी सरळ होऊ लागते. दाब गेला की धातूच्या स्थितिस्थापकतेमुळे ती पूर्ववत होते. बंद टोकाची ही बारीकशी हालचाल दातेरी चक्राने वाढवून काट्याला दिली की झाला दाबमापक. १८४९ मध्ये बूर्दाँने याचे पेटंट घेतले. त्याच वर्षी जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे बर्नहार्ड शेफर याने लवचिक पडद्यावर चालणाऱ्या दाबमापकाचे पेटंट घेतले. नळी आणि पडदा या दोन कल्पनांवर पुढची दीडशे वर्षे दाबमापन उभे राहिले.

बूर्दाँची नळी मुलांना समजावून द्यायची असेल तर जत्रेतले एक खेळणे पुरते. चैत्रात चंद्रपूरच्या महाकाली यात्रेत कागदाची गुंडाळलेली पिपाणी मिळते. फुंकले की ती उलगडते आणि फुंकणे थांबवले की आतली बारीक तार तिला पुन्हा गुंडाळते. तिच्या टोकाला रंगीत ठिपका लावा आणि मागे कागदी पट्टी धरा, म्हणजे हळू फुंकणे आणि जोरात फुंकणे यांतला फरक मोजता येतो. त्याबरोबर मुलांना एक प्रश्न मात्र जरूर विचारा. तार सैल पडली किंवा कागद फाटला, तर ठिपका दाबाबद्दल सांगेल की पिपाणीबद्दल?

चांदा जिल्ह्यात आलेला काटा

बूर्दाँची डायल आपल्या भागात आली ती कोळशाच्या वाटेने. १८७० च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली आणि वर्ध्याहून तिथपर्यंत रेल्वेचा फाटा आला. खाणीतले पाणी उपसणारी, कोळसा वर काढणारी आणि तो वाहून नेणारी इंजिने वाफेवर चालत. वाफ आली की बॉयलर आला आणि बॉयलर आला की त्याच्या माथ्यावर डायल आली. पुढे बल्लारपूरचा कागद कारखाना आणि १९८० च्या दशकात सुरू झालेले चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र यांनी याच जिल्ह्यात वाफेचा दाब पुष्कळ वर नेला. वीज केंद्राच्या मोठ्या बॉयलरमध्ये तो दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोग्रॅमच्याही पलीकडे असतो.

इतक्या दाबाशी काम करताना काटा चुकला तर काय, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनाही पडला होता. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. साऱ्या देशासाठी भारतीय बॉयलर कायदा झाला तो १९२३ मध्ये. त्याखालील १९५० च्या नियमांत एक लहानशी पण फार शहाणपणाची तरतूद आहे. बॉयलरवर त्याचा स्वतःचा दाबमापक तर हवाच; त्याशिवाय तपासणी अधिकाऱ्याला स्वतःबरोबर आणलेला दाबमापक जोडता यावा, म्हणून वेगळी तोटीही हवी.

या तरतुदीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. कारखान्याचा काटा दहा दाखवतो म्हणून तपासनीस वहीत दहा लिहीत नाही. तो त्याच वाफेला आपला तपासून घेतलेला दुसरा काटा लावतो. दोन्ही काटे जुळले तर पहिल्याची साक्ष मान्य होते, आणि जुळले नाहीत तर काय बिघडले त्याचा शोध सुरू होतो. एका उपकरणाचे खरे-खोटे त्याच उपकरणाकडे पाहत राहून ठरत नाही. त्यासाठी स्वतंत्र असा दुसरा साक्षीदार लागतो. आपल्या पिकअपचा प्रश्न सुटणार आहे तो याच वाटेने.

लाकडी खुंटीने उघड केलेले गुपित

पण तेलाला दाब असतोच कशासाठी? पूर्वी वंगण म्हणजे फिरत्या भागावर थेंब थेंब सोडायचे तेल, एवढीच समजूत होती. ती बदलली १८८३ च्या सुमारास, इंग्लंडमधील बोशां टॉवर या अभियंत्याच्या प्रयोगांनी. यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसाठी तो रेल्वेच्या आसासारख्या फिरत्या दांड्यावरचे घर्षण मोजत होता. दांड्यावर वरून अर्धगोल बेअरिंग बसवलेले होते, त्यावर वजन होते आणि दांड्याचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. तेल सोडण्यासाठी टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. यंत्र सुरू केले तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून उलट वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर ढकलली गेली.

मग टॉवरने त्या भोकावर दाबमापक बसवला. बेअरिंगवरचे वजन सरासरीने दर चौरस इंचाला शंभर पौंड पडत होते, आणि काटा दोनशेच्याही पुढे गेला! फिरणारा दांडा स्वतःच तेलाला ओढून अरुंद फटीत पाचरीसारखे शिरवत होता, आणि त्या पाचरीत निर्माण होणाऱ्या दाबावर सारे वजन तरंगत होते. धातू धातूला टेकतच नव्हता. मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये या घटनेचे गणित मांडले आणि वंगणाचे शास्त्र उभे राहिले. १८९० मध्ये बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम कारखान्यातील अल्बर्ट पेन याने पंपाने तेल ढकलून बेअरिंगपर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आज मोटारींच्या इंजिनात हीच पद्धत वापरली जाते.

येथे एक बारकावा विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यायला हवा. डायल जो दाब दाखवते तो टॉवरच्या पाचरीतला दाब नव्हे. पंप ज्या मुख्य नलिकेतून सगळीकडे तेल पाठवतो, त्या नलिकेतला तो दाब असतो. त्याची तुलना गावच्या नळयोजनेशी करता येईल. टाकीतून पाणी तेवढेच येत असले तरी सगळ्यांनी तोट्या सताड उघडल्या की नळाचा जोर कमी होतो. बेअरिंग झिजून त्यांतली फट वाढली, की तेल सहज बाहेर पळते आणि दाब उतरतो. तेल पातळ झाले तरी तेच होते. साधे इंजिन ऑइल ४० अंश सेल्सिअसला जेवढे घट्ट असते, त्याच्या मानाने १०० अंशाला ते साधारण दहापट पातळ होते. चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेरचेच तापमान ४७-४८ अंशांवर जाते. अशा दुपारी चढ चढून आलेल्या जुन्या गाडीचा काटा सकाळपेक्षा खाली असणे स्वाभाविक आहे. त्या वेळी काटा खरेच सांगत असतो. ते समजून घेणे आपले काम.

जीपची नळी आणि पुढची तार

फोर्डच्या १९०८ ते १९२७ या काळातल्या 'मॉडेल टी' गाडीला तेलाचा पंपच नव्हता. फिरते भाग तेल उडवत आणि तेच वंगण होई. साहजिकच तेलाच्या दाबाचा काटाही नव्हता. पंप आले तसे काटे आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. त्यांच्या डॅशबोर्डावर ऑइल प्रेशरची गोल डायल असे आणि तिच्यात बूर्दाँचीच वाकडी नळी असे. इंजिनापासून एक बारीक नळी थेट डायलपर्यंत येई आणि इंजिनातले तेल स्वतःच येऊन काट्याला ढकली.

१९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली, आणि जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाणारे वाहन म्हणून जीप भारतभर पोहोचली. तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलभागाला, ज्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, अशाच वाहनांची गरज होती. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, त्या काळात पावसाळ्यात नाले आणि नद्या भरल्या की या भागाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. अशा ठिकाणी गाडी बंद पडण्याचा अर्थ शहरातल्यापेक्षा वेगळा असतो. गाडीत कधी रुग्ण असतो, कधी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका असतात.

थेट नळीचा काटा प्रामाणिक होता, पण नळी तुटली तर गरम तेल ड्रायव्हरच्या पायावर सांडण्याची भीती असे. म्हणून पुढच्या गाड्यांत नळी गेली आणि तार आली. इंजिनावर एक छोटी डबी बसवली गेली. मेकॅनिक तिला सेंडर म्हणतात. तिच्यात एक लवचिक पडदा असतो, म्हणजे माग्डेबुर्गच्या शेफरचीच कल्पना. तेलाच्या दाबाने पडदा हलतो, पडद्याबरोबर विद्युतरोधाच्या तारेवरून एक टोक सरकते आणि रोध बदलतो. रोधाप्रमाणे डायलमधून वाहणारी वीज कमी-जास्त होते. पुष्कळ जुन्या डायलमध्ये ही वीज दोन धातूंच्या जोडपट्टीभोवतीची तार तापवते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो.

सोय झाली, पण साक्षीदारांची साखळी लांबली. तेलाचा दाब आधी पडद्याला कळतो, पडदा रोधाला सांगतो, रोध तारेला, तार डायलला. शिवाय या निरोपासाठी बॅटरी, स्थिर व्होल्टेज देणारे उपकरण आणि गाडीच्या सांगाड्यातून परत जाणारा अर्थिंगचा मार्ग हे सारे धड असावे लागते. यांतली एक कडी सैल झाली तरी काटा नाचतो आणि तेलाला त्याचा पत्ताही नसतो.

नाचणारा काटा कसा वाचायचा

आता रस्त्यावरच्या आपल्या पिकअपकडे परत येऊ. काट्याच्या नाचण्यालाही एक ढब असते आणि तिच्यावरून पुष्कळ काही कळते.

खड्ड्यात चाक आदळले की काटा उसळतो, पण इंजिनाचा वेग बदलला तरी त्याला त्याचे काही नसते, असे असेल तर संशय सैल तारेवर घ्यावा. खड्ड्याची आणि तेलाच्या दाबाची गाठ सहसा पडत नाही. खड्ड्याची आणि ढिल्या जोडाची मात्र नेहमी पडते.

ऑइल प्रेशरबरोबर डिझेलचा आणि तापमानाचाही काटा नाचत असेल, तर तिघे एकाच वेळी बिघडले असण्यापेक्षा तिघांचे सामाईक काही बिघडले असण्याची शक्यता जास्त. म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारे उपकरण किंवा अर्थिंग. इंजिन रबराच्या बैठकींवर बसवलेले असते आणि रबर वीज वाहत नाही, म्हणून इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तारांची विणलेली पट्टी असते. ती गंजली किंवा सैल झाली की हेडलाइट लावताच काटा सरकतो आणि स्टार्टरही मंद फिरतो. कधी सेंडर बसवताना नळाच्या कामातली पांढरी टेप आट्यांवर जास्त गुंडाळली जाते. त्यामुळे तेल गळत नाही हे खरे, पण सेंडरचे अर्थिंगही तुटते.

याउलट वळणावर, उतारावर किंवा जोराचा ब्रेक दाबल्यावर काटा पडतो आणि गाडी सपाटीला आली की वर येतो, असे असेल तर काटा बहुधा खरे सांगतो आहे. चेंबरमध्ये तेल कमी आहे. ते एका बाजूला गेले की पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. इंजिन थंड असताना काटा ठीक, तापल्यावर हळूहळू खाली, आणि वेग वाढवला की पुन्हा वर, ही ढब पातळ झालेल्या तेलाची किंवा झिजलेल्या बेअरिंगची आहे. दर मिनिटाला हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला दहा पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलोग्रॅम, असा एक ढोबळ हिशेब मेकॅनिक करतात. नक्की आकडा मात्र त्या त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावा.

ढब पाहून संशय धरता येतो, निकाल देता येत नाही. निकालासाठी साखळी मधोमध तोडावी लागते. इंजिन बंद ठेवून चावी फिरवायची आणि सेंडरवरची तार काढायची. माहितीपुस्तिकेत तशी परवानगी असेल तर ती तार क्षणभरच इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवायची. तार मोकळी असताना काटा एका टोकाला आणि टेकवल्यावर दुसऱ्या टोकाला जात असेल, तर डायल आणि तार बहुधा निर्दोष आहेत. दोष सेंडरमध्ये, त्याच्या अर्थिंगमध्ये किंवा खरोखर तेलात आहे. काटा हललाच नाही तर दोष अलीकडे, तारेत किंवा डायलमध्ये आहे. एका तपासणीने अर्धी साखळी संशयातून मोकळी होते.

उरलेल्या अर्ध्या साखळीसाठी बॉयलर तपासनीसाची युक्ती वापरायची. गॅरेजमध्ये सेंडर काढून त्याच भोकात थेट नळीचा, बूर्दाँचा तपासलेला दाबमापक बसवतात आणि इंजिन सुरू करतात. हा काटा स्थिर आणि योग्य ठिकाणी राहिला तर तेलाचा दाब ठीक आहे. नवा सेंडर बसवून काम भागते. मात्र सेंडर त्याच गाडीचा हवा. काही गाड्यांत दाब वाढला की रोध वाढतो, काहींत तो कमी होतो. भलत्या गाडीचा सेंडर बसवला तर काटा शांत राहील आणि रोज खोटे बोलेल. तपासणीचा काटाही खाली राहिला, तर मात्र खर्चाला तयार व्हावे आणि जाळी, पंप, दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह आणि बेअरिंग या क्रमाने पुढे जावे.

शांत काटा

या इतिहासात एक चमत्कारिक प्रकरणही आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फोर्ड कंपनीने आपल्या पिकअप गाड्यांत ऑइल प्रेशरची डायल ठेवली, पण तिच्यामागचा दाबाप्रमाणे बदलणारा सेंडर काढून साधा स्विच आणि एक ठरावीक रोध बसवला. तेलाला थोडाफार दाब असला की काटा मध्यावर, नसला की शून्यावर. खरा काटा तापमानाप्रमाणे आणि वेगाप्रमाणे खाली-वर होई आणि ग्राहक घाबरून तक्रारी घेऊन येत, हे याचे कारण सांगितले जाते. दिसायला डायल, प्रत्यक्षात दिवा. दाब हळूहळू उतरत चालला आहे ही आधीची सूचना या काट्याकडून मिळणे शक्यच नाही.

म्हणजे हलणारा काटा खोटा आणि स्थिर काटा खरा, असा काही नियम नाही. खरी राशी बदलते तेव्हा चांगल्या मापकाने हललेच पाहिजे. प्रयोगशाळेत प्रत्येक वेळी नेमके तेच उत्तर लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीकडे आपण जरा संशयाने पाहतो, त्याचे कारण हेच.

गाडी थांबवायची की नाही?

आता ड्रायव्हरच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. जंगलात दुसरा दाबमापक नाही, गॅरेज नाही. तरीही पहिली गोष्ट एकच: इंजिन बंद करायचे. काटा खोटा असेल तर अर्धा तास गेला. काटा खरा असेल आणि आपण त्याला खोटे मानून पुढे गेलो, तर इंजिन गेले आणि रात्रही गेली. दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. म्हणून मापक खोटा असल्याचे सिद्ध होईपर्यंत त्याचे खरे मानून वागायचे.

मग हाताशी असतील ते दुसरे साक्षीदार बोलवायचे. सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पुसून पाहायची: तेल खुणेपर्यंत आहे का? गाडीखाली वाकून पाहायचे: ताजे तेल ठिबकते आहे का? सेंडरवरची तार हाताने हलवून पाहायची: ती सैल आहे का? गाडीला ऑइल प्रेशरचा वेगळा दिवा असेल तर तो मोलाचा. बऱ्याच गाड्यांत त्याचा स्विच सेंडरपासून स्वतंत्र असतो. दिव्याचीही साक्ष आधी तपासायची: चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो लागायला हवा. तेल पुरेसे, गळती नाही, तार सैल सापडली आणि ती घट्ट केल्यावर इंजिन सुरू करताच दिवा विझला, काटा जागेवर आला, इंजिनातून ठकठक नाही, असे सारे जुळले तर सावकाश पुढे जायला हरकत नाही. यांतले एक जरी जुळले नाही, तर गाडी तिथेच ठेवून मदतीची वाट पाहायची. उशीर होईल, पण गाडी पुन्हा चालेल.

आपल्या पिकअपची तार सैल निघाली असे समजू. ड्रायव्हरने ती पक्कडीने आवळली, इंजिन सुरू केले, कान देऊन आवाज ऐकला आणि मगच गाडी रस्त्याला लावली. रेनल्ड्सचे गणित त्याला ठाऊक नसेल आणि बूर्दाँचे नावही त्याने ऐकले नसेल. पण एकाच साक्षीवर निकाल देऊ नये, आणि साक्ष तपासून होईपर्यंत ती फेटाळूही नये, ही गोष्ट त्याच्या हाताला ठाऊक होती. प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर आपण मुलांना साहित्य आणि कृती लिहायला सांगतो. त्याखाली 'हे मापक बरोबर आहे हे मी कसे तपासले?' अशी एक ओळ वाढवली, तर तेच शहाणपण वर्गातही येईल.